आईच्या खाटेचे ४६ हजार नक्की कशाकशाचे?

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. आई ७९ वर्षांच्या. २०२१ मध्ये त्यांना पनवेलच्या बाजूला एका केअर सेंटरमध्ये ठेवलं, तेव्हा महिन्याला २८ हजार भरत होते. आई काठी घेऊन हिंडत-फिरत होत्या. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि आता बिल येतं ४६ हजारांचं. डायपर आणि औषधं त्यावर वेगळी. ते विचारतात, ही लूट आहे का? घरी आणून बाई ठेवली तर स्वस्तात भागेल का? आणि असंच वाढत राहिलं तर पुढच्या पाच वर्षांचं काय?

मी अकरा वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स होते आणि गेली सोळा वर्षं नवी मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं केंद्र चालवते. म्हणजे असली बिलं फाडणाऱ्यांपैकीच एक. तेव्हा हे उत्तर दुकानदाराचं आहे हे ध्यानात ठेवून वाचा. वही मात्र उघडी ठेवते.

आधी २८ चे ४६ कसे झाले ते सोडवू, कारण यात दोन वाढी एकमेकींत मिसळल्या आहेत. आमच्या धंद्यात पेशंटचे तीन गट असतात: चालते, धरून चालवावे लागणारे आणि झोपून असलेले. आई २०२१ मध्ये पहिल्या गटात होत्या, आज तिसऱ्यात आहेत. त्याच सेंटरला विचारा की २०२१ मध्ये झोपून असलेल्या पेशंटचा दर काय होता. माझ्याकडे तेव्हा तो ३३ हजार होता, आज ४६ आहे. म्हणजे दराची खरी वाढ वर्षाला सातेक टक्के. २८ आणि ४६ नुसते शेजारी ठेवले की ती दहा टक्क्यांची दिसते. मधला फरक आईंच्या उजव्या बाजूचा आहे. हे सेंटरने तुम्हाला झटक्यानंतरच्या पहिल्या बिलासोबत लिहून द्यायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी फोनवर ‘आता थोडं वाढेल’ एवढंच सांगतात आणि तिथेच संशयाला जागा होते.

तरीही सात टक्के म्हणजे कमी नव्हे. रिझर्व्ह बँक महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायचं उद्दिष्ट बाळगते. आमचा दर त्याच्यापुढेच धावतो. का, ते माझ्या खालच्या मजल्याच्या हिशेबावरून सांगते. २८ खाटा, सरासरी २५ भरलेल्या, सगळे झोपून. दिवसा सहा मावश्या, रात्री चार. म्हणजे चोवीस तासांत सरासरी पाच जागा कायम भरलेल्या हव्यात. आता एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. कायद्याने एका माणसाकडून आठवड्याला ४८ तास काम घेता येतं. १६८ भागिले ४८, साडेतीन माणसं. त्यात गणपतीला गावी जाणं, मुलीचं बाळंतपण, स्वतःचा ताप धरला की चार. पाच जागांना वीस बायका. ही चारची गोष्ट पेशंटच्या नातेवाइकांच्या कधी डोक्यातच येत नाही. ते येतात तेव्हा त्यांना वॉर्डात पाच-सहा मावश्या दिसतात आणि हिशेब पाच-सहांचाच होतो.

एका मावशीचा पगार माझ्याकडे १६ हजार. वीसच्या वर माणसं असल्यामुळे प्रॉव्हिडंट फंड लागतो, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो (मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के), दिवाळीला बोनस, दोन वेळचं जेवण, चहा, साडी-एप्रन. सगळं धरून मला ती साडेएकोणीस हजारांना पडते. वीस जणींचे तीन लाख नव्वद हजार. पंचवीस पेशंटवर वाटले की प्रत्येकी १५,६००. सिस्टर, म्हणजे नर्सिंगचा जीएनएम किंवा एएनएम कोर्स केलेली, नोंदणी असलेली, चोवीस तास एक हवीच. चार जणी मिळून एक लाख चार हजार, पेशंटमागे ४,१६०. स्वयंपाकी, झाडूवाले, कपडे धुणारा, ऑफिसातली मुलगी मिळून पेशंटमागे ५,०००. झाले २४,७६०. पुढे जागेचं भाडं ६,०००, खाणं ४,५००, वीज-पाणी-गॅस-जनरेटर २,३००, डॉक्टरांची फेरी आणि फिजिओथेरपी १,६००, हातमोजे-साबण-फिनेल-चादरी १,५००, दुरुस्त्या, जैववैद्यकीय कचरा आणि बाकी सटरफटर १,३००. एकूण ४२ हजारांना चाळीस रुपये कमी. शंभरातले एकोणसाठ रुपये माणसांवर जातात.

४६ मधून ४२ गेले, चार उरले. पंचवीस पेशंटचे लाखभर. चांगला धंदा आहे असं वाटेल, आणि वर्षातले सात-आठ महिने असतोही. पण आमचे पेशंट जातात. एका जानेवारीत पंधरा दिवसांत तीन खाटा रिकाम्या झाल्या. पेशंट गेला की त्याचं खाणं आणि हातमोजे वाचतात, बाकी खर्च तिथेच. बावीस पेशंटांवर महिना चालवला की मी वीस हजारांनी तोट्यात. म्हणूनच सेंटरवाले डिपॉझिटसाठी इतके हटून बसतात, आणि पेशंट आठ दिवस हॉस्पिटलात असला तरी खाटेचे पैसे मागतात. दुसरी गोष्ट मला स्वतःला पटत नाही, मी निम्मे घेते. पण का मागतात ते कळतं.

आता सात टक्क्यांचं मूळ. १९६० च्या दशकात विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी वादकांच्या मिळकतीवर काम करताना एक साधी गोष्ट मांडली. चार जणांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं जेवढ्या वेळात वाजवायची, तेवढाच वेळ आणि तेवढीच चार माणसं आजही लागतात. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांकडून कितीतरी पट माल निघतो, म्हणून तिथले पगार वाढले तरी माल महाग होत नाही. पण वादकालाही त्याच शहरात राहायचं असतं, त्यामुळे त्याचा पगार इतरांबरोबर वाढवावाच लागतो, आणि त्याची कला मात्र दरवर्षी महाग होत जाते. याला बाउमोलचा खर्च-आजार म्हणतात.

वादकांच्या जागी आमच्या मावश्या ठेवा. झोपून असलेल्या आजींचं अंग पुसणं, केस विंचरणं, तोंड धुणं, कपडे बदलणं याला मी नर्सिंग शिकत होते तेव्हा पंचवीस मिनिटं लागायची. आजही पंचवीसच लागतात. एअर बेड आला, ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर आला, डायपर आल्यामुळे चादरींचे ढीग कमी झाले, हे सगळं खरं. पण पेज भरवायला वीस मिनिटं लागत असतील तर ती दहा करता येत नाहीत. घाई केली की ठसका लागतो, पेज श्वासनळीत जाते, न्यूमोनिया होतो. आमच्या कामात वेग वाढवणं म्हणजे काम बिघडवणं.

आणि बाहेर पगार वाढतच आहेत. माझ्याकडे पूर्वी जव्हार-मोखाड्याकडच्या, मराठवाड्यातल्या बायका सहज यायच्या. आज त्याच बाईला कोपरखैरण्याच्या मॉलमध्ये एसीत उभं राहून, महापे-रबाळेच्या एमआयडीसीत पॅकिंग करून तेवढेच पैसे मिळतात, आणि तिथे कुणाचं शौच काढावं लागत नाही. सिस्टरांचं तर विचारूच नका. जीएनएमची तीन वर्षं संपली की आधी मोठ्या हॉस्पिटलचा अनुभव, मग आखाती देश नाहीतर इंग्लंड-जर्मनी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात शुश्रूषेचं कामही आहे. पोरींचं भलं होतंय, मला आनंदच आहे. पण पनवेलच्या सेंटरला आता तिकडच्या स्टुटगार्ट शहरातल्या पगाराशी झुंजायचं आहे, एवढं समजून घ्या.

भाड्याचंही थोडं. आमच्यासारखी केंद्रं पनवेल, नेरे, बदलापूर, टिटवाळा अशा बाजूंना गेली ती मोकळ्या हवेसाठी गेली असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. गेली ती भाड्यासाठी. आता पनवेल-उलवे पट्टाही हातातून चाललाय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. माझ्या जागेच्या मालकाने करार नव्याने करताना खिडकीतून वर बोट दाखवलं, बाकी काही बोललाच नाही.

दुसरा प्रश्न, घरी आणण्याचा. ठाण्यात ब्युरोची, म्हणजे एजन्सीने पाठवलेली, चोवीस तासांची बाई आज दिवसाला हजार-अकराशे रुपये घेते. महिन्याचे ३० ते ३३ हजार. तिचं खाणं-पिणं तीन हजार, भाड्याने खाट आणि एअर बेड दोन-अडीच हजार, आठवड्याला दोनदा फिजिओथेरपिस्ट घरी, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर ते बदलायला सिस्टरची फेरी. चाळीस-बेचाळीसच्या घरात जाता. डायपर दोन्हीकडे वेगळेच. म्हणजे फार तर चार-सहा हजार वाचतील, आणि ब्युरोची बाई सांगून न सांगून गावी गेली की ते चार दिवस तुमची किंवा तुमच्या बायकोची रजा.

पण मला इथे दुसरंच दाखवायचं आहे. वर मी म्हटलं की एक जागा चोवीस तास भरायला चार बायका लागतात. माझ्या दरात त्या चार बायकांचे ७८ हजार होतात, आणि ते मी पाच पेशंटांत वाटते. तुमच्या घरी ती जागा एकच बाई भरते, तेहतीस हजारांत. हे जमतं कसं? ती रात्री आईंच्या खाटेखाली चटई टाकून झोपते, दोनदा-तीनदा उठते, सकाळी सहाला पुन्हा उभी. तिची झोप तुमच्या बिलात नाही, म्हणून बिल कमी दिसतं. आठ-दहा दिवस ती हे काम चोख करते. तिसऱ्या आठवड्यात ती रात्री उठत नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. मी स्वतः नाइट ड्युटी केली आहे, सलग सातव्या रात्री मला खुर्चीत बसल्या-बसल्या डुलकी लागायची, आणि मला दिवसा घरी झोपायला तरी मिळायचं.

आमच्याकडची एक रात्र सांगते. नव्वदीच्या घरातल्या एक आजी होत्या, खूप वर्षं शाळेत शिकवलेल्या. अंगाने भरलेल्या, कमरेखालची जाणीव जवळजवळ गेलेली. रात्री दोनला त्यांची कूस बदलायची. एक मावशी खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालते, दुसरी ओढचादर धरते, ‘आजी, वळतोय हं’ म्हणायचं, एक-दोन-तीन, आणि एका दमात डावीकडे. मग पाठीशी लोड, दोन गुडघ्यांमध्ये उशी, घोट्याखाली दुमडलेला टॉवेल म्हणजे टाच गादीला टेकत नाही. त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वर, बॅटरी मारून बघायचं. त्वचा लाल दिसली तर बोटाने दाबायची. लाली जाऊन पांढरी पडली आणि परत लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणारी जखम, सुरू झाला असं समजायचं आणि सिस्टरला उठवायचं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. दर दोन तासांनी. दिवसाला बारा वेळा. जड पेशंटला दोघी लागतात, एकटीने ओढलं की कातडी घासून सोलते.

आता मी जर रात्रीची एक जागा कमी केली तर महिन्याला ७८ हजारांऐवजी साधारण निम्मे, ३९ हजार वाचतील, कारण ती अर्ध्या दिवसाची जागा. पेशंटमागे १,५६०. मी दर ४६ वरून साडेचव्वेचाळीसवर आणू शकते आणि शेजारच्या सेंटरपेक्षा स्वस्त म्हणून पाटी लावू शकते. तीन मावश्यांत रात्री पंचवीस पेशंट वळवले जात नाहीत, हे मला माहीत आहे आणि तिघींनाही. मग एखाद्या आजींना बेडसोर होतो. त्याचं रोजचं ड्रेसिंग तीनशे-चारशे रुपये, दोन-तीन महिने, आणि ते ‘मेडिकल एक्स्ट्रा’ म्हणून तुमच्याच बिलात येतं. कोविडनंतर या भागात नवी केंद्रं भराभर निघाली, काही तर बंगल्यात दहा खाटा टाकून. त्यांच्यापैकी बरीच रात्रीच्या त्या एका जागेवर स्वस्त असतात. लूट म्हणायची तर मी याला म्हणेन.

या धंद्याची वाढ वाढ म्हणून जी सांगतात, तीही जरा जपून ऐकावी. जी शुश्रूषा आज बिलावर दिसते ती पूर्वी होतच होती, सून करत होती, लेक करत होती, आणि त्याचा पैसा कुठेच मोजला जात नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटं घालवतात असं निघालं, पुरुष ७६. (यात लहान मुलांचं करणंही आलं.) सून नोकरीला लागली आणि सासूसाठी बाई ठेवली की देशाच्या उत्पन्नात दोन पगार वाढतात. यातला एक नवा आहे. दुसऱ्याचं काम आधीपासून चालू होतं, त्याला फक्त पावती मिळाली.

खरी वाढ मात्र आहेच आणि नवी मुंबईत ती तुम्हाला रस्त्यावर दिसेल. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, वाशीचा खाडीपूल झाला १९७३ मध्ये. वाशी-नेरूळच्या वसाहतींत लोक राहायला आले ते जवळजवळ एकाच वयाचे, तिशीतले, लहान मुलं घेऊन. गावात कसं सगळ्या वयाची माणसं असतात, तसं इथे झालं नाही. सगळ्यांची मुलं एकदम दहावीला बसली, आणि आता सगळे एकदम ऐंशीला टेकले. राहतात कुठे, तर सिडकोच्या तळमजला अधिक चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारतींत. गुडघे गेल्यावर चौथा मजला म्हणजे जन्मठेप. माझ्याकडे येणाऱ्यांत इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून आलेले वाढलेत: बिल्डर भाडं देतो, मुलगा-सून वन बीएचके बघतात, आणि आई-वडिलांपैकी जे झोपून आहेत त्यांची सोय त्या भाड्याच्या पैशातून आमच्याकडे. तीन वर्षांसाठी म्हणून येतात. नव्या घरात परत गेलेले आजवर मी दोघेच पाहिले.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत भारतात दर पाचातला एक जण साठीपुढचा असेल. नुसत्या म्हातारपणाला एवढी माणसं लागत नाहीत, विस्मृतीला लागतात. देशात साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाचे आजोबा चालते असतात, म्हणून घरचे ‘चालत्या’ गटाचा दर मागतात. पण रात्री तीनला ते गेटपाशी उभे असतात, ऑफिसला जायला. त्यांच्यामागे एक माणूस अख्खा लागतो.

हे सगळं भरायचं कोणी? तुमच्या हातात आरोग्य विम्याची पॉलिसी असेल तर तिच्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी काढा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी जी ठरावीक कलमं आखून दिली आहेत, त्यांतलं पाचवं कलम विश्रांती आणि पुनर्वसनाचं आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की अंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडवणं-फिरवणं अशी रोजची मदत, ती घरी असो की केंद्रात, नर्सने केलेली असो की साध्या बाईने, विम्यात येत नाही. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचं कवच मिळालं, आईंचं कार्ड काढलं नसेल तर आजच काढा. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं. झटका आल्यानंतरचे हॉस्पिटलचे नऊ दिवस कुणीतरी भरेल, पुढची नऊ वर्षं तुमची.

ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी त्याचे महिन्याला २०,५०० होतात. म्हणजे आयुष्यभराची शिल्लक पूर्ण टाकली तरी निम्मं बिलसुद्धा निघत नाही. २००७ च्या निर्वाह कायद्यात न्यायाधिकरण मुलांकडून आई-वडिलांना जास्तीत जास्त महिना दहा हजार देववू शकतं. तो आकडा झाला तेव्हा ठीक होता. धर्मादाय वृद्धाश्रमाने महिना २५ हजारांपर्यंत घेतले तर जीएसटी लागत नाही ही २०१८ मध्ये घातलेली मर्यादाही तशीच, हातीपायी धड माणसाची. एक सवलत मात्र लोक हमखास सोडून देतात. आईंना पक्षाघातामुळे अपंगत्व आलं आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्या तुमच्यावर अवलंबून असतील, तर जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची सरसकट वजावट आहे, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. बिलं जोडावी लागत नाहीत. ऑनलाइन अर्ज करून तारीख घ्या, आणि रुग्णवाहिकेतून न्यावं लागेल याची तयारी ठेवा.

जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा वेगळा विमा सक्तीचा केला. जपानने २००० मध्ये. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकाकडून हप्ता घेतात आणि गरज पडली की बहुतेकांना बिलाचा दहावा हिस्साच भरावा लागतो. तिथेही खर्च वाढतोच आहे, बाउमोलचा आजार विम्याने बरा होत नाही. फक्त तो सगळ्यांत वाटला जातो. आपल्याकडे तो ज्याच्या घरात झटका आला त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. पुढच्या पाच वर्षांत हे बदलेल असं धरून चालू नका. वर्षाला सात-आठ टक्के वाढ धरा, म्हणजे २०३१ मध्ये ६५ ते ६८ हजार. आईंच्या नावावरचं घर किंवा बँकेतली ठेव त्यांच्या हयातीत त्यांच्यासाठी वापरायची की नाही, हे भावंडांशी आत्ताच बोलून घ्या. वर्षभराची थकबाकी झाल्यावर ते बोलणं भांडणच होतं, आमच्या ऑफिसात दर दोन महिन्यांनी एकदा होतं, आणि आजी पलीकडच्या खोलीत असतात.

आता आईंना हलवायचं का? घरी आणायचं तर एका अटीवर आणा: रात्रीची बाई वेगळी, दिवसाची वेगळी. बारा-बारा तासांच्या दोन बायकांचे ठाण्यात ४५ ते ५० हजार होतील, आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः. ते झेपत असेल आणि घरात एक खोली मोकळी असेल, तर जरूर आणा, घरचं ते घरचं.

नाहीतर आहे तिथे ठेवा, पण एकदा रविवार सोडून जा. रविवारी सगळी केंद्रं अंघोळ-पावडर करून बसलेली असतात. मधल्या वारी रात्री साडेनऊला जा, डबा विसरला होता म्हणून सांगा. मावश्या मोजा आणि खाटा मोजा. आईंचं वजन दर महिन्याला होतं का ते विचारा. झोपून असलेल्या माणसाचं वजन करायला जिथे काटाच नाही, तिथे भरवताना किती पोटात जातं हेही कुणी बघत नाही. त्यांच्या टाचा बघा. आणि कूस बदलल्याचा तक्ता मागा, खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला असतो. दोन-दोन तासांच्या बारा ओळी. चोवीस तासांत ड्युटी बदलते, तेव्हा सह्या दोन-तीन हातांच्या असायला हव्यात, एखादी तिरकी, एखादी राहून गेलेली. बाराही सह्या एकाच पेनने, एकाच हाताने, ओळीत चक्क सुबक दिसल्या, तर तो तक्ता सकाळी चहा पिता पिता भरलेला आहे. माझ्या केंद्रात मी पहिल्यांदा पकडला तो असाच होता, आणि त्या रात्री ड्युटीवर दोनच मावश्या होत्या.